परदेशी सेवेला निघण्यापूर्वी : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

मागच्या अंकात आम्ही विचारले होते की, शंभराहून अधिक वर्षे परदेशी मिशनऱ्यांचे काम जवळून पाहिलेल्या आपल्या वऱ्हाडातल्या आणि नागपूरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून स्वतः परदेशी सेवेला निघणारी माणसे इतकी थोडी का. उत्तरे थोडीच आली. बहुतेक वाचकांनी उलट आम्हालाच प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न कोणत्याही उत्तरापेक्षा अधिक बोलके आहेत. त्यांतली आठ पत्रे निवडून थोडक्यात दिली आहेत. नावे गाळली आहेत, कारण गावे लहान आहेत आणि ओळख पटायला तालुकाही पुरतो.

प्रश्न : मी बी.ए. झालो आहे, संडे स्कूल घेतो आणि युवक संघाचा चिटणीस आहे. आफ्रिकेत जाऊन सेवा करावी असे बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. एका ओळखीच्या गटाबरोबर पूर्व आफ्रिकेत तीन आठवडे जाण्याची संधी आली आहे. पण आमचे पाळक म्हणतात की आधी बायबल कॉलेज कर. कॉलेजची वर्षे आणि खर्च दोन्ही मला जड वाटतात. काय करावे? — एक युवक, दारव्हा तालुका

उत्तर : तुमच्या पाळकांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि तुमची अडचण पूर्ण खरी आहे. आधी दौऱ्याविषयी. अशा दौऱ्यात माणूस पाहुणा असतो; त्याला विमानतळावरून घेऊन जातात, सोबत दुभाष्या देतात, जेवण वेळेवर मिळते आणि रविवारी त्याला व्यासपीठावर खुर्ची मिळते. (व्यासपीठावरच्या खुर्च्यांची आपल्याकडची हौस हा एका वेगळ्या अंकाचा विषय आहे.) देश नजरेखालून जातो, मनाला उभारी येते, हे सगळे ठीक आहे, पण याला तयारी म्हणता येत नाही. तरीही जावेसे वाटले तर गटप्रमुखाला दोन गोष्टी विचारा. तिथल्या मंडळीने तुम्हाला बोलावले आहे, की तुमच्या गटाने परस्पर तारखा ठरवून त्यांना कळवल्या आहेत? आणि तुमच्या एकट्याच्या तिकिटाला जो खर्च येणार आहे, तेवढ्यात तिथला एखादा स्थानिक सुवार्तिक किती महिने काम करू शकला असता? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून दौरा रद्दच करावा असे नाही, पण ते उत्तर माहीत असलेला माणूस तिथे वेगळ्या रीतीने वागतो.

पाचारणाविषयी, म्हणजे देवाने सेवेला बोलावल्याविषयी, तुम्ही लिहिले नाही, तरी पत्रात ते ओळीओळीत आहे. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्यावर हात ठेवून त्यांना पाठवले, हा प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायातला भाग आपण वारंवार ऐकतो. त्याआधी अकराव्या अध्यायात त्या दोघांनी त्याच मंडळीत वर्षभर राहून पुष्कळ लोकांना शिकवले होते, हे मात्र वाचायचे राहून जाते. म्हणजे मंडळीने ज्यांना पाठवले ते तिच्या रोजच्या पाहण्यातले होते, आणि ते गेल्यावर तिला त्यांची उणीव भासणार होती. आपल्याकडे अनेकदा याच्या उलट घडते. ज्याला गावात काही काम उरलेले नाही त्याच्याविषयी सेवेचा विचार पुढे येतो. तुमच्या मंडळीतल्या तीनचार वडीलधाऱ्यांना, ज्यांत तुमच्याशी फारसे न पटणारा एक तरी असावा, स्पष्ट विचारा की मी गेलो तर इथे काय अडेल. ‘काहीच नाही’ असे उत्तर आले तर ते मनाला लावून घेऊ नका, पण अजून वर्षभर थांबा. त्याच प्रवासात योहान मार्कही होता आणि तो पिर्गाहून परत फिरला. तो का परतला हे शास्त्र सांगत नाही. पुढे त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांचा कडाक्याचा वाद होऊन ते वेगळे झाले, तरी शेवटच्या दिवसांत त्याच पौलाने तीमथ्याला लिहिले की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. परत येणारा माणूस कायमचा बाद होत नाही, हे तुमच्या मंडळीला तुम्ही निघण्याआधी सांगून ठेवलेले बरे.

आता कॉलेज. तुमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, यवतमाळला, १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. नंतर ती पुण्याला गेली. देशभरातून आलेले विद्यार्थी इथे वर्षानुवर्षे एकत्र राहिले आणि शिकले. पदवीच्या अभ्यासात शास्त्राचा पाया पक्का होतो, मंडळीचा इतिहास कळतो, विचारांना शिस्त लागते. मात्र नुसत्या पदवीने दुसऱ्या संस्कृतीत राहता येतेच असे नाही, कारण तो अभ्यास मुख्यतः मंडळी चालवणाऱ्यांसाठी रचलेला असतो. परदेशी सेवा हेच ठरलेले असेल तर मिशन संस्था आपल्या उमेदवारांसाठी जे काही महिन्यांचे ते वर्षभराचे प्रशिक्षण घेतात त्याची चौकशी आधी करा. तिथे शास्त्राच्या आढाव्याबरोबर मानवशास्त्र, भाषा शिकण्याची पद्धत, ज्या लोकांत जायचे त्यांचा धर्म, प्राथमिक आरोग्य आणि हिशेब ठेवणे हे विषय असतात, आणि चांगल्या ठिकाणी काही काळ अनोळखी लोकांत नेऊन ठेवतात. संस्थेला विचारायचा मुख्य प्रश्न असा की शिक्षणाचा किती भाग वर्गाबाहेर होतो, आणि तेव्हा तुमच्यावर देखरेख कोण करतो. ज्या प्रशिक्षणात तुमच्या चुका तुम्हाला तोंडावर सांगणारा कोणी नसतो, त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभून दिसेल, तेवढाच त्याचा उपयोग. दोनचार वर्षे सेवा केल्यावर पदवीचा अभ्यास हाती घेणारेही अनेक आहेत. तो मार्ग तुमच्यासाठी बंद होत नाही.

प्रवेश मिळेपर्यंतचे हे वर्ष मात्र फुकट घालवू नका. परकी भाषा आणि परके घर अनुभवण्यासाठी विमानात बसण्याची गरज नाही. मेळघाटातली कोरकू भाषा मुंडा कुळातली आहे. तुमच्या जिल्ह्यातली कोलामी आणि सर्वत्र पसरलेली गोंडी या द्राविड कुळातल्या आहेत. या भाषांत मराठी शब्द पुष्कळ शिरले असले तरी वाक्याची घडण अगदी वेगळी आहे. ओळखीतून एखाद्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, जा, तिथल्या जाणत्या माणसांची परवानगी घ्या, एखाद्या घरी राहण्याखाण्याचा खर्च देऊन महिना-दोन महिने राहा. प्रचारासाठी जाऊ नका, पत्रके नेऊ नका, आणि का आलात हे विचारणाऱ्याला ‘भाषा शिकायला’ असे खरे तेच सांगा. तुम्ही तिथे शिकणारे आहात आणि ते शिकवणारे, हे नाते पहिल्या दिवशीच स्पष्ट असले म्हणजे त्या लोकांचा केवळ सरावासाठी वापर केल्यासारखे होत नाही.

तिथे काय होईल ते आधीच सांगतो. सकाळी अंगणात बसून तुम्ही सूप, मडके, कोंबडी यांकडे बोट दाखवून नावे विचाराल आणि वहीत लिहाल; पाच वर्षांची पोरे तुमचा उच्चार ऐकून हसून लोळतील. दुपारी सगळे शेतावर निघून जातील आणि तुम्हाला काय करावे ते सुचणार नाही. आठवड्याभरात तुम्हाला राग येऊ लागेल, आणि तो कशाचा हे कळणार नाही. परक्या समाजात सवयीच्या सगळ्या खुणा हरवल्या की मनाला जो त्रास होतो, त्याला मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी सांस्कृतिक धक्का म्हटले आणि १९६० मध्ये त्याच्या पायऱ्या मांडल्या : आधी कौतुक, मग चीड, मग हळूहळू जम बसणे. आपली चीड कशी दिसते, म्हणजे आपण गप्प होतो, टोमणे मारतो की मोबाईलमध्ये तोंड घालतो, हे घरापासून चाळीस किलोमीटरवर कळले तर चार हजार किलोमीटरवर त्याचे आश्चर्य वाटत नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपूरला आले. शाळा चालवण्याच्या कामातून वेळ काढून ते गोंडांमध्ये हिंडले, त्यांचे शब्द आणि त्यांच्या दंतकथेतल्या लिंगोची गाणी त्यांनी लिहून घेतली, आणि १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून ते वारल्यानंतर, १८६६ मध्ये, ती टिपणे छापली गेली. नागपूरच्या कॉलेजामुळे त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे, पण त्यांचे हे ऐकून घेण्याचे काम तुमच्या अधिक उपयोगाचे आहे.

प्रश्न : मी जी.एन.एम. नर्स आहे आणि ग्रामीण भागातल्या दवाखान्यात काम करते. टांझानियातल्या मिशन रुग्णालयाविषयी ऐकले आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि इंग्रजी बोलताना मी अडखळते. मला जाता येईल का? — एक भगिनी, अचलपूर तालुका

उत्तर : येईल, आणि इंग्रजीची जेवढी भीती तुम्हाला वाटते तेवढी ती बाळगण्याचे कारण नाही. अर्थात इंग्रजी लागेल : अर्ज, करार, औषधांच्या नोंदी, सहकाऱ्यांशी बोलणे यांसाठी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू असली तरी परदेशात काम करण्यासाठी त्या देशाच्या परिषदेची नोंदणी वेगळी घ्यावी लागते, आणि तिची कागदपत्रे इंग्रजीतच असतात. रोज एक तास दिला तर वर्षभरात एवढे इंग्रजी जमते. पण वॉर्डात कण्हणारी बाई इंग्रजीत कण्हत नाही. टांझानियात तुमचे खरे काम स्वाहिलीत होणार आहे, आणि त्या भाषेच्या बाबतीत इंग्रजी माध्यमात शिकलेली मुंबईची नर्स आणि तुम्ही एकाच पायरीवर उभ्या आहात. उलट घरी वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात हिंदी आणि दवाखान्यात आलेल्या कोरकू बायांशी मोडक्यातोडक्या कोरकूत बोलणारी तुमच्यासारखी नर्स भाषा बदलण्याला सरावलेली असते.

भाषा शिकण्याची पद्धत मात्र शाळेतली नको. तिथे गेल्यावर पहिले काही महिने रुग्णालयाने तुम्हाला पूर्ण वेळ ड्यूटी न देता भाषेसाठी मोकळे ठेवावे, हे जाण्याआधी लेखी ठरवून घ्या. कर्मचाऱ्यांची टंचाई असली की हीच गोष्ट सर्वांत आधी कापली जाते. मग तिथलीच एखादी बाई, शक्यतो शिक्षिका नसलेली, रोज तासभर मदतीला घ्या. त्या दिवशी लागतील अशी पाचसहा वाक्येच घ्यावीत : ‘कुठे दुखते?’, ‘कधीपासून?’, ‘सोबत कोण आहे?’ ती तिच्या तोंडून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा, तिच्यामागून म्हणा, ती थांबवील तिथे पुन्हा म्हणा. त्यानंतर घरी बसून पाठ करू नका. बाहेर पडा आणि पाणी भरणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, रांगेत बसलेल्या जेवढ्या माणसांशी बोलता येईल तेवढ्यांशी तीच वाक्ये बोला. लोक हसतील आणि दुरुस्त करतील. व्याकरण त्यानंतर आपोआप विचारावेसे वाटते. स्वाहिली रोमन लिपीत लिहितात, पण तुम्ही पहिले काही आठवडे देवनागरीत लिहून घ्या. ऐकू येते तसे लिहायला तीच सोयीची आहे.

भाषेबरोबर रीतही येते. स्वाहिली बोलणाऱ्यांत लहानाने मोठ्याला ‘शिकामू’ म्हणायचे असते आणि मोठ्याने ‘मराहाबा’ म्हणून त्याचा स्वीकार करायचा असतो. नर्सने म्हाताऱ्या रुग्णाला हे न म्हणता थेट ‘काय होते?’ असे विचारले, तर औषध बरोबर असूनही ती उद्धट ठरते. आपल्याकडे सून वडीलधाऱ्यांच्या पाया न पडता आत गेली तर जे बोलले जाते, तेच तिथे बोलले जाईल.

भाषेवाचून काय होते याचे उदाहरण शास्त्रातच आहे. लुस्त्र येथे पौलाने पांगळ्याला बरे केल्यावर लोक लुकवनी भाषेत ओरडू लागले की देव माणसांच्या रूपाने आपल्यात उतरले आहेत. बर्णबाला त्यांनी ग्रीकांचा मुख्य देव ज्यूस ठरवले, आणि पुजारी बैल व फुलांच्या माळा घेऊन आला, तेव्हा कुठे प्रेषितांच्या ध्यानात आले की काय चालले आहे. ग्रीक सर्वांना समजत असेल यावर त्यांचे काम चालले होते, पण आनंदाने ओरडताना लोक आपल्या घरच्या भाषेत ओरडले. आपल्या मराठीच्या बाबतीत मिशनरी विल्यम केरींनाही हाच धडा घ्यावा लागला. बंगालमध्ये बसून त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला तो पंडित वैजनाथ यांना शेजारी बसवून. शिकवणाऱ्याचे नाव आपण विसरलो आहोत, पण त्याच्यावाचून ते पुस्तक झाले नसते.

एकट्या स्त्रीच्या राहण्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, म्हणून इतकेच सांगतो : राहण्याची जागा कोणती, सोबत कोण, रात्री अडचण आली तर कोणाला फोन करायचा, हे नावानिशी लिहून दिल्याशिवाय होकार देऊ नका.

प्रश्न : आमच्या ओळखीचे काही तरुण नेपाळला जाऊन पत्रके वाटून येतात. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, म्हणून अडचण नाही असे ते म्हणतात. आम्हीही जावे का? — युवक संघ, वाशीम जिल्हा

उत्तर : असे जाऊ नये. व्हिसा लागत नाही याचा अर्थ तिथला कायदा लागत नाही असा होत नाही. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातल्या २६ व्या कलमाने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या तिथल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत त्याला देशाबाहेर काढतात. हा कायदा योग्य की अयोग्य यावर मते असू शकतात. आमचा आक्षेप दुसरा आहे. तुम्ही पत्रके वाटून चार दिवसांत गोंदियाची गाडी पकडता. चौकशीसाठी ज्यांना बोलावले जाते ते तिथले पाळक आणि तिथली मंडळी. तिने वर्षानुवर्षे शेजाऱ्यांशी जपलेले संबंध तुमच्या एका दुपारमुळे बिघडतात, आणि तुम्हाला ते कळतही नाही. तिथली मंडळी काय मागते हे तिला विचारा. अनेकदा तिला पत्रके नको असतात, संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण, हिशेब शिकवणारा माणूस किंवा दुरुस्ती करणारा वायरमन हवा असतो.

गेलात तर तिथल्या चालीने वागा. नेपाळमध्ये शनिवार हा सुट्टीचा वार असल्याने मंडळ्यांची उपासना परंपरेने शनिवारी होते. रविवारी सकाळी पोहोचून ‘चर्च बंद का’ असे विचारणारे पाहुणे तिथल्यांना सवयीचे झाले आहेत.

इतर देशांविषयीही हेच. पर्यटकाच्या व्हिसावर जाऊन धार्मिक काम करू नका आणि अर्जात ‘फिरायला’ असे लिहू नका. केनियासारख्या देशांत धार्मिक व धर्मादाय कामासाठी स्वतंत्र परवाना आहे आणि तो तिथल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत मिळतो. वेळ लागतो, पण मार्ग सरळ आहे. सुवार्ता सांगायला निघालेल्या माणसाची पहिली सही खोट्या अर्जावर असू नये. कागदपत्रांची आपल्याकडची नेहमीची अडचणही आताच सोडवा : दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नंतर, एकीकडे वडिलांचे नाव पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, यात पासपोर्ट महिनोन्‌महिने अडतो. दहावी उत्तीर्ण असल्याचा पुरावा जोडला म्हणजे काही देशांसाठी लागणारी उत्प्रवास मंजुरीची अटही लागत नाही.

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षांसाठी युगांडाला निघाला आहे. तिकडे रोगराई फार असे ऐकते. काय काळजी घ्यावी? — एक आई, घाटंजी तालुका

उत्तर : ताई, काळजी आहे, पण ती घेता येण्यासारखी आहे. पीतज्वराची लस सक्तीची आहे. ती सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचे पिवळे कार्ड आता जन्मभर चालते. ते कार्ड जपून ठेवायला सांगा, कारण परतताना आपल्याच विमानतळावर ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. मलेरियाविषयी आपल्याकडची मुले म्हणतात की ‘तो तर लहानपणापासून झालेला आहे’. आफ्रिकेतला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा असतो, आणि आधी होऊन गेलेल्या तापाचे संरक्षण त्याच्यापुढे पुरत नाही. मच्छरदाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रतिबंधक गोळ्या, दोन्ही हव्यात. परत आल्यावर काही महिन्यांत ताप आला तर ‘मी युगांडाहून आलो आहे’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.

तिसरी गोष्ट परदेशी मार्गदर्शक पुस्तिकांत सहसा नसते, पण विदर्भातल्या माणसासाठी तीच पहिली आहे : सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी. आपल्या भागात हा आजार पुष्कळ घरांत आहे आणि कित्येक वाहकांना ते ठाऊकही नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते आणि ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून रुग्ण की वाहक हे कळते. वाहकाला जाण्यास आडकाठी नाही. अति उंचावर कष्टाची चढण आणि पाण्यावाचून राहणे त्याने टाळावे. प्रत्यक्ष रुग्ण असेल तर त्याला मलेरिया आणि इतर संसर्ग फार भारी पडतात, म्हणून त्याचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांवर सोडावा, प्रार्थनासभेच्या उत्साहावर नाही.

प्रश्न : एकुलता एक मुलगा मिशनरी प्रशिक्षणाला जातो म्हणतो. चार एकर कपाशी, सोसायटीचे कर्ज आणि मुलीचे लग्न बाकी. नाही म्हणावे तर देवाच्या कामात आडवा येतो असे वाटते. — एक वडील, नेर तालुका

उत्तर : काका, तुम्ही आडवे येत नाही आहात. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने अशाच लोकांना झापले आहे, जे आईवडिलांना म्हणत की तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचे ते कुर्बान, म्हणजे देवाला अर्पण झाले आहे. देवाच्या नावाने आईबापांचा हक्क बुडवता येत नाही. तेव्हा मुलाला नकार देऊ नका. त्याच्यासमोर वही ठेवा. कर्ज किती, मार्चअखेर नवे-जुने कोण करणार, पेरणीला आणि वेचणीला माणूस कोण, बहिणीच्या लग्नाची जबाबदारी किती. यासाठी त्याला वर्ष-दोन वर्षे थांबावे लागले तर ती आज्ञाभंगाची वर्षे ठरत नाहीत. एक बारीक गोष्ट : तुमच्या बँक खात्याला, ई-पीक पाहणीला आणि शेतकरी योजनांना बहुधा त्याचाच मोबाईल नंबर जोडलेला असेल. तो परदेशी गेल्यावर ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या सिमवर जाईल आणि तुम्ही सेतू केंद्रात चकरा माराल. निघण्याआधी नंबर बदलून घ्या, आणि जमिनीच्या कामासाठी विश्वासू नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. ज्या संस्थेत तो जाणार तिला तुम्ही स्वतः विचारा की भविष्य निर्वाह निधी, आरोग्य विमा आणि आईवडील आजारी पडल्यास घरी येण्याची रजा यांचे नियम काय आहेत. उत्तर द्यायला कुचरणारी संस्था मुलासाठीही चांगली नाही. तुम्हालाही एक विनंती आहे : त्याला थांबवण्यासाठी घाईघाईने त्याचे लग्न लावून देऊ नका, त्यात तिसऱ्याच घरातली मुलगी भरडली जाते.

प्रश्न : आमच्या साठ घरांच्या मंडळीने एका सेवकाचा परदेशातला पूर्ण खर्च उचलायचे ठरवले आहे. पैसे कसे जमवावे आणि कसे पाठवावे? — खजिनदार, मेहकर तालुका

उत्तर : ठराव चांगला आहे, पण तो कोणत्या महिन्यात झाला हे आम्हाला जाणून घ्यायला आवडेल, दिवाळीनंतर सोयाबीनचे पैसे हातात असताना झालेले ठराव जूनमध्ये जड जातात. सेवकाला पगार बाराही महिने लागतो. म्हणून रकमेपेक्षा सातत्य ठरवा, आणि सुरुवातीला पूर्ण खर्चाऐवजी निश्चित वाटा घेऊन बाकीचा दुसऱ्या मंडळ्यांशी वाटून घ्या. मिझोराममध्ये घरोघरी स्वयंपाकाला तांदूळ घेताना मूठभर बाजूला काढतात आणि तो मंडळीत गोळा होऊन विकला जातो; श्रीमंत नसलेल्या त्या मंडळ्यांनी याच मुठीवर शेकडो सेवक पाठवले आहेत. आपल्याकडे कापणीच्या सणाला धान्याचा लिलाव होतोच. तो वर्षातून एकदा न होता दर महिन्याला ज्वारी, तूर, गहू यांच्या मुठीने झाला तर जमेल. १९०५ च्या नाताळच्या दिवशी बंगालमधल्या श्रीरामपूर येथे स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीचे तत्त्वच भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय नेतृत्व हे होते, तेव्हा ही कल्पना नवी नाही.

पाठवण्याच्या बाबतीत मात्र उत्साहाने चालू नका. परदेशी रक्कम पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची जी उदारीकृत योजना आहे ती व्यक्तींसाठी आहे, विश्वस्त संस्थांना ती लागू नाही; आणि धर्मादाय संस्थेने भारताबाहेर केलेला खर्च आयकरात सहसा सवलतीला धरत नाहीत. कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यातून ‘तात्पुरते’ पाठवण्याचा मोह टाळा, कारण धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देताना ते तात्पुरते राहत नाही. सेवकाला पाठवणाऱ्या नोंदणीकृत मिशन संस्थेलाच भारतात धनादेशाने द्या, पावती घ्या, आणि ठरावाआधी सीएला दाखवा.

प्रश्न : तिकडे काय काय खावे लागते? तिखटाशिवाय कसे जमणार? — एक वाचक, परतवाडा

उत्तर : समोर वाढलेले खावे, असे पौल करिंथकरांना लिहितो. ठेचा मात्र बाटलीत भरून न्या. सामानाच्या पिशवीत न्या, हातातल्या पिशवीत तो विमानतळावर काढून घेतात. पहिल्या महिन्यात तो यजमानांसमोर ताटात घेऊ नका, त्यांना वाटते स्वयंपाक आवडला नाही.

प्रश्न : आम्ही चार वर्षे बाहेर राहून परतलो. मंडळीने स्वागत केले, पण यजमानांचे कशातच लक्ष लागत नाही आणि मुलांना इथली शाळा नको वाटते. याची तयारी कोणी करून घेतली नव्हती. — एक भगिनी, चिखली तालुका

उत्तर : ताई, परत येण्याची तयारी हा प्रशिक्षणातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. जाताना सगळे परके असेल हे मनाने धरलेले असते. परतताना आपले गाव जसेच्या तसे असेल असे वाटते आणि ते तसे नसते. भाव बदललेले असतात, मित्रांची लग्ने झालेली असतात, संडे स्कूल दुसरा कोणी घेत असतो आणि चांगला घेत असतो. यजमानांना पहिले दोनतीन महिने मंडळीने कोणतीही जबाबदारी देऊ नये, आणि दर रविवारी वेगवेगळ्या गावी साक्ष द्यायला तर मुळीच नेऊ नये. तीच गोष्ट पंधरा वेळा सांगताना ती सांगणाऱ्यालाच खोटी वाटू लागते. त्याऐवजी संस्थेतल्या किंवा पूर्वी बाहेर राहून आलेल्या एखाद्या जाणत्या जोडप्यासमोर दोघांनी बसून, न आवरता, काय जमले आणि काय जमले नाही ते सगळे बोलून टाकावे. संस्थेने असे बसणे ठरवले नसेल तर तुम्ही मागा; तो तुमचा हक्क आहे.

मुलांच्या बाबतीत शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून तिकडची प्रगतिपत्रके दाखवा, वयानुसार वर्गात प्रवेश घ्या आणि मराठी लेखनासाठी वर्षभराची सवलत मागा. बोलायची मराठी मुलांना येते, लिहिताना जोडाक्षरे आणि वेलांट्या अडवतात. त्यासाठी संध्याकाळी आजोबांना वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवायला लावा आणि तीच दुसऱ्या दिवशी लिहायला सांगा. तिकडच्या मित्रांशी आठवड्यातून एकदा फोनवर बोलू द्या, त्याला आडकाठी करू नका. धाकट्याला इथल्या पोरांत खेळायला अजून बुजल्यासारखे होते असे तुम्ही लिहिले आहे. त्याला तिकडे फुटबॉलची सवय असेल तर शाळेच्या क्रीडाशिक्षकांना तसे सांगा, वर्गातल्यापेक्षा मैदानावरची ओळख लवकर होते.